प्लॉटर चालतोय तोवर विंडोजला हात लावू का?

पत्र:

"मी घरूनच व्हिनाइलचे स्टिकर आणि नावाच्या पाट्या कापून देते. संगणक २०१९ चा, त्यावर विंडोज १०. कटिंग प्लॉटर त्याहून बराच जुना. त्याला नऊ पिनांचं सीरियल पोर्ट आहे, म्हणून मध्ये यूएसबीवाली केबल लावली आहे. डिझाइनचं सॉफ्टवेअर एकदाच विकत घेतलेलं, डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही. रोज स्क्रीनवर 'विंडोज ११ घ्या' असा निरोप येतो, संगणक पात्र आहे असंही दाखवतो. भाचा म्हणतो, 'मावशी, एक बटण दाबायचं, तासाभरात होईल.' ज्यांच्याकडे मी हे काम शिकले ते काका म्हणतात, 'चालतंय ना? मग हात लावू नकोस.' दोघांचंही पटतं आणि दोघांचीही भीती वाटते. अपग्रेड करू का, आणि करायचं तर कधी?
– स्टिकरवाली मावशी"

उत्तर:

ताई, भाचा खोटं बोलत नाहीये. विंडोज ११ तासा-दोन तासांत बसेलही. पण तुमची काळजी त्या दोन तासांची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बसलात आणि प्लॉटरने पहिली रेघ मारलीच नाही तर काय, ही आहे. आणि त्या सकाळी भाचा कॉलेजात असेल.

काकांचा सल्ला १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बिनतोड होता. त्या दिवशी विंडोज १० चा सपोर्ट संपला. संपला म्हणजे संगणक बंद पडला असं नाही, तुमचा चालतोच आहे. पण दर महिन्याला सुरक्षेची भोकं बुजवणाऱ्या ज्या दुरुस्त्या येत होत्या, त्या आता आपोआप येत नाहीत. त्यासाठी वेगळी नावनोंदणी करावी लागते. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली ही वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं, एवढं लागतं. सेटिंग्ज त्या खात्याशी जोडून ठेवायला तयार असाल तर पैसे न भरताही नोंदणी होते. 'विंडोज अपडेट'च्या पानावर तिचा दुवा दिसतो. बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल, आधी हे करून या. यामुळे अपग्रेड टळत नाही, पण घाई टळते, आणि तुमच्या कामात खरा शत्रू घाईच आहे.

आता भाचा आणि काका यांच्यातला गोंधळ सोडवू. 'अपडेट' या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे महिन्याची सुरक्षा दुरुस्ती. दुसरी म्हणजे अख्खी आवृत्ती बदलणं. पहिली लगेच घ्यावी, दुसरी थांबून घ्यावी. भाचा दुसरीला पहिलीसारखं वागवतोय, काका पहिलीला दुसरीसारखं.

पहिली लांबवली तर काय होतं, ते मे २०१७ मध्ये दिसलं. वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस १२ मे रोजी पसरला आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत तारखा रद्द कराव्या लागल्या. तो ज्या भोकातून आत शिरला, त्याची दुरुस्ती १४ मार्चलाच बाहेर आली होती. जवळजवळ दोन महिने ती पडून होती, लोकांनी लावली नव्हती. लागण झालेल्यांत बहुतेक यंत्रं विंडोज ७ ची होती, म्हणजे तेव्हा सपोर्ट चालू असलेल्या आवृत्तीची. जुनी विंडोज वापरणं हा त्यांचा गुन्हा नव्हता, दुरुस्ती न लावणं हा होता.

दुसरी घाईने घेतली तर काय होतं, त्याचंही उदाहरण फार लांबचं नाही. विंडोज १० ची ऑक्टोबर २०१८ ची मोठी आवृत्ती २ तारखेला बाहेर पडली आणि काही लोकांच्या 'डॉक्युमेंट्स'सारख्या फोल्डरांतल्या फायलीच पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टने चार-पाच दिवसांत वाटप थांबवलं आणि १३ नोव्हेंबरला ते पुन्हा सुरू केलं. ज्यांनी सहा आठवडे काहीच केलं नाही, त्यांना यातलं काही कळलंही नाही.

विंडोज ११ आली ५ ऑक्टोबर २०२१ ला, म्हणजे 'पहिल्या दिवसाची घाई' हा तुमचा धोका केव्हाच मागे पडला. आता तुमच्यापुरता प्रश्न वेगळा आहे. विंडोज ११ तयार आहे का, हे विचारू नका. तुमच्या टेबलावरची सगळ्यात जुनी वस्तू तिच्यासाठी तयार आहे का, हे विचारा. अपग्रेडची तारीख मायक्रोसॉफ्ट ठरवत नाही, भाचाही ठरवत नाही. ती टेबलावरची सगळ्यात अडेल वस्तू ठरवते.

तर अडेल वस्तू शोधू. ब्राउझर, ऑफिसचे प्रोग्राम, पीडीएफ वाचणारे, फोटो पाहणारे यांच्यावर वेळ घालवू नका, ते चालतील. विंडोज १० आणि ११ आतून सख्ख्या बहिणी आहेत. इतक्या, की ११ चा आतला आवृत्ती क्रमांक आजही '१०.०' नेच सुरू होतो. एक्सपीवरून ७ वर जाताना जी पडझड झाली, तशी इथे होत नाही. ६४ बिट विंडोज १० वर आज जो साधा प्रोग्राम चालतोय, तो ११ वर बहुधा चालतोच. (तुमची विंडोज ३२ बिट असेल तर मात्र गोष्ट वेगळी, कारण ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. सगळं पुसून नव्यानेच बसवावं लागतं. 'सिस्टम'च्या 'अबाउट'मध्ये एकदा बघून घ्या.)

मेख आहे ड्रायव्हरमध्ये, म्हणजे यंत्र आणि विंडोज यांच्यातल्या दुभाष्या प्रोग्राममध्ये. साधा प्रोग्राम विंडोजच्या अंगणात वावरतो. ड्रायव्हर थेट माजघरात शिरतो, कारण त्याला यंत्राशी बोलायचं असतं. म्हणून नवी विंडोज त्याच्यावर कडक पहारा बसवते. नव्याने बसवलेल्या विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचा पहारा बहुधा चालूच असतो आणि जुन्या धाटणीच्या ड्रायव्हरला तो आत सोडत नाही. तुमच्याकडे असे दोन उमेदवार आहेत, डोंगलचा ड्रायव्हर आणि केबलचा. डिझाइनचं सॉफ्टवेअर स्वतः कदाचित मजेत चालेल, पण डोंगल ओळखलाच गेला नाही तर ते उघडणार कुठून?

याची अर्धी परीक्षा आजच, विंडोज १० वर बसूनच घेता येते. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'डिव्हाइस सिक्युरिटी'त जा, 'कोअर आयसोलेशन'च्या तपशिलात 'मेमरी इंटिग्रिटी'चं बटण आहे. ते चालू करून बघा. एखादा ड्रायव्हर जुळत नसेल तर विंडोज तिथेच फाइलच्या नावासकट यादी दाखवते आणि बटण चालू होत नाही. यादी आली तर फोटो काढून ठेवा. यादी आली नाही तर संगणक रीस्टार्ट होईल. मग डोंगल लावून सॉफ्टवेअर उघडतंय का, प्लॉटर हलतोय का, ते बघा. काही अडलं तर तेच बटण पुन्हा बंद करायचं. पाच मिनिटांचं काम आहे आणि कोणी सांगत नाही.

डोंगलचं नाव यादीत आलं तर घाबरू नका. डोंगल बनवणारी कंपनी आणि सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी बहुतेक वेळा वेगळ्या असतात. सॉफ्टवेअरवाल्यांनी जुनी आवृत्ती वाऱ्यावर सोडलेली असली, तरी डोंगलवाल्यांचा नवा ड्रायव्हर जुन्या डोंगललाही बऱ्याचदा चालतो. डोंगलवर बारीक अक्षरात नाव कोरलेलं असतं, भिंगाने बघा.

केबलचं मात्र मी स्वानुभवावरून सांगते, कारण त्यात मी फसले आहे. माझ्याकडेही एक जुनं सीरियलचं यंत्र होतं आणि तुमच्यासारखीच मधली केबल. मी थाटात अपग्रेड केलं, सगळं उघडलं, यंत्र मात्र ढिम्म. डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या यंत्रांची विंडोजमधली यादी) उघडलं तर केबलच्या नावाशेजारी पिवळा त्रिकोण आणि नावाच्याच जागी मजकूर: ही चिप २०१२ पासून बंद केली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. कंपनीचं नाव घेत नाही. तिने जुन्या चिपांना नव्या ड्रायव्हरमधून काढून टाकलं होतं, एवढंच. केबल धडधाकट, यंत्र धडधाकट, दोन दिवस मी वायरी हलवत बसले. शेवटी वेगळ्या चिपची नवी केबल आणली आणि दहा मिनिटांत काम सुरू झालं. म्हणून तुम्हाला सांगते, अपग्रेडच्या आधीच सध्या सपोर्ट असलेल्या चिपची एक केबल आणून ठेवा आणि ती विंडोज १० वरच चालवून बघा. म्हणजे पुढे काही अडलं तर दोष केबलचा की विंडोजचा, हा वाद उरत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आता मुख्य काम. तुमच्या चालत्या डिस्कवर अपग्रेड करूच नका.

आहे त्याच किंवा त्याहून मोठ्या क्षमतेची एक एसएसडी (वेगवान डिस्क) घ्या आणि सध्याच्या डिस्कचा हुबेहूब क्लोन तिच्यावर करा. यासाठी भाच्याला कामाला लावा, त्याला आवडेल. क्लोन झाला की संगणक बंद करा, मूळ डिस्क काढा, पाकिटात घाला, वर तारीख लिहा, कपाटात ठेवा. संगणक क्लोनवर सुरू करा आणि अपग्रेड त्या क्लोनवर करा. फसलं तर स्क्रू उघडायचा, मूळ डिस्क परत लावायची, अर्ध्या तासात तुम्ही कालच्या जागी. विंडोजची स्वतःची परतीची सोयही आहे, पण ती अपग्रेडनंतर १० दिवसांपुरतीच. तिच्यासाठी ठेवलेलं 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर कुणी जागा मोकळी करायला उडवलं, तर तीही गेली. कपाटातली डिस्क अकराव्या दिवशीही कपाटातच असते.

दोन सावधगिऱ्या. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची ४८ आकडी किल्ली आधी कागदावर उतरवा. ती फक्त त्याच संगणकात ठेवणं म्हणजे घराची किल्ली आत ठेवून दार ओढून घेणं. आणि एखादं सॉफ्टवेअर डोंगलऐवजी इंटरनेटवरून चालू होणारं असेल, तर त्याचा परवाना डिस्कच्या क्रमांकाला बांधलेला असू शकतो. डिस्क बदलली की ते अनोळखी माणसासारखं बघतं. तसं काही असेल तर परवान्याचा क्रमांक जवळ ठेवा आणि परवाना सोडवून घ्यायची सोय आहे का, ते आधी बघा. तुमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरला हा त्रास नसावा, कारण त्याचा परवाना डोंगलमध्ये आहे. डोंगलला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण अशा वेळी तोच बरा वाटतो.

क्लोनवर विंडोज ११ बसली, सॉफ्टवेअर उघडलं, प्लॉटर 'तयार' दाखवतोय. इथे लोक टाळ्या वाजवतात आणि इथेच फसतात. खरी परीक्षा पुढे आहे. आधी १०० मिलिमीटरचा चौकोन कापा आणि पट्टीने चारही बाजू मोजा. मग बारीक अक्षरं कापा. मग एखादं मोठं जुनं काम घ्या, गिचमिड नक्षीचं, पाऊण तास चालणारं, आणि ते अथपासून इतिपर्यंत कापू द्या. कारण असं, जुन्या प्लॉटरची स्मरणशक्ती तोकडी असते. संगणक माहिती पाठवत राहतो आणि प्लॉटर मध्येच 'थांब, आधीचं संपू दे' म्हणतो. हे 'थांब' म्हणण्याची पद्धत, म्हणजे फ्लो कंट्रोल, नव्या ड्रायव्हरमध्ये चुकीची निवडली गेली, तर छोटी कामं बिनचूक होतात आणि मोठ्या कामात अर्ध्यावर सुरी भलतीकडे पळते. चौकोन नीट कापला गेला म्हणून खूश होऊन ऑर्डर घेतलीत, तर व्हिनाइलचा अख्खा रोल कचऱ्यात. सॉफ्टवेअरमध्ये आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये, दोन्हीकडे तीच पद्धत निवडलेली हवी.

एवढी परीक्षा झाली की निदान दोन आठवडे रोजची कामं क्लोनवरच करा. तोवर मूळ डिस्कला हात लावायचा नाही आणि ती पुसून 'जागा वापरू' असला मोह तर मुळीच नको. या दिवसांतली नवी डिझाइनं मात्र रोज बाहेर उतरवून ठेवा. मूळ डिस्कवर परत जायची वेळ आली तर ती तिथे नसणार. आणि बॅकअप घेतला म्हणून निश्चिंत होऊ नका. त्यातली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडणारा बॅकअप मी पाहिला आहे, नावापुढे तारीख वगैरे सगळं व्यवस्थित होतं.

कधी करायचं, हे तुम्ही विचारलंत. हातातली मोठी ऑर्डर संपून पुढची सुरू व्हायच्या मधल्या मोकळ्या दिवसांत. मोकळे दिवस म्हणजे किमान तीन सलग. रात्री अकरा वाजता, उद्या माल द्यायचा असताना, 'होऊन जाऊ दे' म्हणून नव्हे. शेवटची तारीख मात्र आजच कॅलेंडरवर मांडा, १३ ऑक्टोबर २०२६ च्या निदान दोन महिने आधीची. क्लोनवर काही अडलंच, तर नवा ड्रायव्हर शोधायला, केबल बदलायला, सॉफ्टवेअरवाल्यांशी पत्रव्यवहार करायला ते दोन महिने लागतात. मुदतीच्या आठवड्यात सुरुवात करणाऱ्याला पर्याय शोधता येत नाहीत, मिळेल ते घ्यावं लागतं.

आणि काहीही करून डोंगल नाहीच चालला तर? तरी प्लॉटर भंगारात काढू नका. कपाटातली मूळ डिस्क एखाद्या जुन्या संगणकात लावा, तो फक्त प्लॉटरला जोडा आणि त्याचं इंटरनेट तोडा, वायफायसकट. ईमेल, पैशांचे व्यवहार, ग्राहकांच्या फायली हे सगळं नव्या विंडोजवर आणि कापायची फाइल तेवढी पेनड्राइव्हने पलीकडे. पेनड्राइव्हही रोग वाहतो, म्हणून तो एकच ठेवा, दुसऱ्या कुणाच्या संगणकात घालू नका आणि प्रत्येक वेळी नव्या यंत्रावर तपासून मगच न्या. व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) जुनी विंडोज चालवायचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. साध्या प्रोग्रामसाठी तो उत्तम आहे, पण डोंगल आणि सीरियल केबल त्यातून पलीकडे पोचवताना भलेभले रडकुंडीला येतात. मी तुमच्या जागी असते तर त्या वाटेला गेले नसते.

मॅक किंवा लिनक्स वापरणारे वाचकही हे वाचतील, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. मॅकवर आवृत्ती बदलताना कधीकधी घाव एकदाच पण वर्मी बसतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅटॅलिना आली आणि ३२ बिटचे सगळे प्रोग्राम एका फटक्यात बंद झाले. आधीच्या मोहावीमध्ये धोक्याची सूचना दिसत होती, ती पुष्कळांनी 'ओके' दाबून घालवली. उबुंटू या लिनक्सवाले मात्र स्वतःच थांबतात. दीर्घ मुदतीच्या एका आवृत्तीवरून दुसरीवर जायचा निरोप ते नवी आवृत्ती निघाल्याबरोबर दाखवत नाहीत. तिची पहिली सुधारित आवृत्ती काही महिन्यांनी निघते, तेव्हा दाखवतात. मला हा शहाणपणा आवडतो.

ताई, काकांना एवढंच सांगा की हात लावतेय, पण दुसऱ्या डिस्कला. आणि भाच्याने क्लोन करायच्या आधी त्याच्याकडून एक काम करून घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स'खाली तुमच्या केबलपुढे कंसात 'कॉम ३', 'कॉम ४' असा क्रमांक असतो. तो आणि प्लॉटरच्या सेटिंगचा वेग, बहुधा ९६००, कागदावर लिहून प्लॉटरच्या बाजूला चिकटवा. नव्या केबलला विंडोज नवा क्रमांक देते, 'कॉम ७' वगैरे. केबल नुसती दुसऱ्या यूएसबी भोकात घातली तरी तो बदलू शकतो. काही जुनी कटिंग सॉफ्टवेअरं चारच्या पुढचे क्रमांक दाखवतच नाहीत. तेव्हा पोर्टच्या 'अॅडव्हान्स्ड' सेटिंगमध्ये जाऊन जुनाच क्रमांक परत द्यायचा, आणि जुना क्रमांक कुठला होता हे त्या कागदावर असेल.